एकोणपन्नास डॉलर, टिप धरून

भाच्याला पहिला पगार झाला. पगार म्हणजे इंटर्नशिपचा स्टायपेंड, पण त्याच्या लेखी पहिला पगारच, आणि त्यातून मावशीला जेवायला न्यायचं असं त्याने ठाण्याहून निघतानाच ठरवलं होतं म्हणे. मी म्हटलं अरे इथेच जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला डोसा खाऊ, नूअर्क ॲव्हेन्यूवर चालत जाऊन येऊ, उगाच कशाला नदीपलीकडे. तर नाही. त्याला मॅनहॅटनमधला 'तो' बर्गर खायचा होता, जो त्याने रीलमधे पाहिला होता, कापल्यावर आतून गुलाबी आणि कडेने जवळजवळ काळा. 38 डॉलर. त्यावर सेल्स टॅक्स 8.875 टक्के, त्यावर वीस टक्के टिप, म्हणजे माणशी एकोणपन्नास. रुपयात चार हजारांच्या वर. त्याने मोबाईल टेबलाखाली धरून हा हिशोब केला तो मला दिसला, पण मी मेन्यू वाचत असल्याचं दाखवलं. परत येताना पाथ ट्रेनमधे, ख्रिस्तोफर स्ट्रीट सुटल्यावर, त्याने विचारलं, "मावशी, खरं सांग, वर्थ होता का गं?" मी म्हटलं, "छान होता रे." त्याने मान हलवली आणि मोबाईलमधे डोकं घातलं. त्याने हे विचारलंच नव्हतं, हे मलाही कळलं आणि त्यालाही.

तर छान होता, हे खरंच. वेटरने आधी विचारलं कसा हवा, भाच्याने लगेच "मीडियम रेअर" म्हणून टाकलं, रीलमधून पाठच करून आला होता. मग पाऊण बोट जाड पॅटी आली, वर चीजसुद्धा नाही, फक्त मंद आचेवर काळपट होईपर्यंत परतलेला कांदा, ब्रिऑश बन आणि बाजूला बटाट्याच्या सळ्यांचा ढीग. पहिल्या घासाला एक वास आला तो मी याआधी बर्गरमधे कधीच घेतला नव्हता. ते मांस ड्राय-एज्ड होतं, म्हणजे महिना महिना थंड खोलीत वाऱ्यावर टांगून ठेवलेलं. त्यातलं पाणी उडतं, बाहेरचा सुकलेला थर कापून फेकून देतात, वजन घटतं आणि म्हणून भाव चढतो. पण जे उरतं त्याला तूप कढवल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीसारखा वास येतो, खमंग, किंचित आंबूस, थोडासा 'हे बरोबर आहे ना?' असं वाटायला लावणारा. दुसरा घासही तसाच. चौथ्या घासापर्यंत मात्र नाक सरावलं आणि मी एक चांगला, मोठा, ओला बर्गर खात होते, ज्याचा खालचा बन रस पिऊन पिऊन लगदा झाला होता. शेवट काट्याचमच्याने केला. बर्गर काट्याचमच्याने खायची वेळ येत असेल तर मला वाटतं करणाऱ्याचं काहीतरी चुकलं, भले मग तो कितीचाही असो.

पण त्या "कसा हवा?" वर मी नंतर बराच विचार करत बसले. कारण स्वस्तातल्या बर्गरला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आणि न विचारण्याला कारण आहे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या अंगाला, तव्यावर टाकलं की मरतात, म्हणून स्टेक आतून लाल असला तरी चालतो. खिमा केला की बाहेरचं सगळं आत जातं. म्हणून इथलं सरकार सांगतं की बर्गर आतपर्यंत 160 फॅरनहाइटला पोचला पाहिजे, म्हणजे मीडियम रेअरचा प्रश्नच नाही. 1993 साली जॅक इन द बॉक्सच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय नावाच्या जंतूची लागण झाली, सातशेच्या वर लोक आजारी पडले, चार लहान मुलं गेली. आणि स्वस्तातला खिमा येतो कुठून तर दूध आटलेल्या गायींचं रोडकं मांस, त्यात इथल्या धान्य खाऊन गलेलठ्ठ झालेल्या बैलांच्या चरबीचे तुकडे, कधी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून गोठवून आलेलं मांस, सगळं एका मोठ्या यंत्रात. एका पॅटीत किती जनावरं आहेत हे देवालाच माहीत. महागातला खिमा मात्र ठरावीक तुकड्यांचा असतो, खांदा, छाती, बरगडी, आणि अमुक इतकं हे नि तमुक इतकं ते असं ठरवून देणारे खाटीकच इथे नावाजलेले आहेत. न्यूयॉर्कच्या कित्येक नावाजलेल्या बर्गरमागचा पॅट लाफ्रिडा नावाचा कारखाना तर आमच्याच बाजूला आहे, नॉर्थ बर्गनमधे, एरवी गोदामं आणि ट्रक एवढंच दिसतं तिथे.

आमचे बाबा रविवारी ठाण्याच्या मार्केटात खिमा आणायला जायचे तेव्हा मला बरोबर न्यायचे आणि त्यांचं एकच पालुपद असायचं, "माझ्यासमोर कर." आधीच करून ठेवलेल्या ढिगाऱ्यातला खिमा त्यांनी कधी घेतला नाही. आधी मांडीचा तुकडा बघायचा, बोटाने दाबायचा, मग तो लाकडी ठोकळ्यावर जायचा आणि दोन सुरे घेऊन खाटीक जो काही ताल धरायचा, मी डोळे मिटून ऐकत उभी राहायचे आणि बाबा डोळे वटारून बघत उभे राहायचे. त्या बघण्याचे पैसे पडत नव्हते. इथे पडतात. माझ्या मते त्या 38 मधले सातआठ डॉलर हे 'माझ्यासमोर कर'चे आहेत, फक्त समोर कोणी करत नाही, मेन्यूवर लिहिलेलं असतं आणि आपण विश्वास ठेवतो. आणि गंमत म्हणजे एवढं करून त्याच मेन्यूच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतंच की कच्चं किंवा कमी शिजलेलं मांस खाल्ल्यास आजाराचा धोका वाढू शकतो. म्हणजे विश्वासाचे पैसे द्या आणि जबाबदारीही तुमचीच.

मुळात हा गरिबाचा पदार्थ. 1921 साली कॅन्ससमधल्या विचिटात व्हाइट कॅसल सुरू झालं तेव्हा बर्गर पाच सेंटला होता, आणि लोकांना खिम्याचा संशय म्हणून दुकान पांढरंशुभ्र, स्वयंपाक गिऱ्हाइकासमोर (बाबांना आवडलं असतं). 1948 ला मॅक्डोनल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनोत सगळा मेन्यू छाटून पंधरा सेंटचा बर्गर लावला. पुढे हा बर्गर इतका सगळीकडे पोचला की 1986 मधे 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने मॅक्डोनल्ड्सच्या बिग मॅक बर्गरच्या किमतीवरून देशोदेशीच्या चलनाचा भाव काढायला घेतला. आणि मग 1999 मधे फ्रान्समधल्या मियो गावात झोझे बोवे आणि त्याच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी बांधकाम चालू असलेलं मॅक्डोनल्ड्स मोडून ठेवलं, कारण अमेरिकेने त्यांच्या रोकफोर चीजवर जबर कर बसवला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे 2001 मधे, न्यूयॉर्कमधे एका फ्रेंच शेफनेच, दानिएल बुलूने, आत वाइनमधे शिजवलेलं बरगडीचं मांस, फुआ ग्रा म्हणजे बदकाचं चरबट काळीज आणि काळं ट्रफल, म्हणजे एक महागडी बुरशी, भरलेला बर्गर काढला, पंचवीस डॉलरच्याही वर. तेव्हा लोक हसले. मग रांगा लावल्या. मग बाकीच्यांनीही किमती चढवल्या, आणि लास व्हेगासला तर एके काळी पाच हजार डॉलरचा बर्गर मेन्यूवर होता, ज्याच्याबरोबर शातो पेत्रूसची अख्खी बाटली यायची. म्हणजे दारूच्या बाटलीवर बर्गर फुकट, असा सरळ व्यवहार, पण 'पाच हजाराची वाइन' म्हटलं तर बातमी होत नाही.

पण मला खरा राग येतो तो वाग्यू बर्गरचा.

वाग्यू म्हणजे जपानी जातीची गुरं. त्यांचं सगळं कौतुक कशाचं, तर मांसात चरबीचं जे बारीक नक्षीकाम असतं त्याचं. संगमरवरासारखं. स्टेक खाताना ते कळतं, ठीक. आणि तुम्ही तेच मांस यंत्रात घालून त्याचा खिमा करता? खिम्यात चरबी किती हे कोणीही ठरवू शकतो, ऐंशी टक्के मांस आणि वीस टक्के चरबी हे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं. पैठणी कातरून गोधडीत भरायची आणि वर गोधडीला पैठणीचा भाव लावायचा, असला हा प्रकार. कोबेची, म्हणजे जपानातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाग्यूची, तर अजूनच मजा. 2010 मधे जपानात जनावरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि अमेरिकेने जपानी बीफची आयातच बंद केली, ती 2012 मधे उघडली. त्या मधल्या काळात इथल्या हॉटेलांच्या मेन्यूंवर 'कोबे बर्गर' सुखाने नांदत होते. कोणाची गाय होती ती, आयोवाची? ट्रफल ऑइलचंही तेच, बहुतेक बाटल्यांमधे ट्रफलचा संबंध नावापुरता, वास प्रयोगशाळेतला. तो वास इतका दांडगा की त्याच्याखाली मांस कुठलं होतं हे कळतच नाही, आणि तेच बऱ्याच ठिकाणी सोयीचं असणार.

आता चव कशाची येते हे बघितलं तर सगळ्याच गोष्टी स्वस्त निघतात. मीठ, चरबी, मऊ पाव आणि करपण्याच्या अलीकडचा तो तपकिरी थर. त्या थराचं रसायन मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 साली मांडलं, पण आपल्याकडे कांदा-खोबरं भाजणाऱ्या कोणत्याही बाईला ते माहीत होतंच की ओलं आहे तोवर रंग धरत नाही. मांसाचंही तसंच, पाणी शंभर अंशाला उकळत बसतं आणि तांबूस व्हायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. जाड पॅटीत हा थर फक्त वर आणि खाली, मधे सगळं मऊ गुलाबी. उलट स्मॅश बर्गरमधे गोळा तापलेल्या लोखंडावर टाकून पहिल्या काही सेकंदात असा दाबतात की तो कडेला जाळीदार होतो. तो दाबायचा लगेच, चरबी थंड असताना, नंतर दाबलात तर सगळा रस तव्यावर. दोन औंस मांसात जवळजवळ सगळाच थर. मला विचाराल तर हा बर्गर त्या 38 वाल्यापेक्षा चवीला मोठा आहे, आणि तो करायला ना सुकवलेलं मांस लागतं ना दानिएल बुलूचा पराक्रम. ओक्लाहोमातल्या एल रीनो गावात शंभर वर्षांपूर्वी हाताला काम नव्हतं आणि मांस परवडत नव्हतं तेव्हा पॅटीत मूठभर कागदासारखा पातळ कांदा दाबून पुरवठ्याला आणायचे. तोच कांद्याचा बर्गर आता न्यूयॉर्कच्या सोहोत लोक रांगेत उभे राहून खातात, जॉर्ज मोट्झने 2023 मधे काढलेल्या दुकानात. पण तिथे निदान कांद्याचा कांदाच आहे, त्याला कोणी ट्रफल लावलेलं नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी मी भाच्याला टॉनेल ॲव्हेन्यूवरच्या व्हाइट मानाला घेऊन गेले. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेला गोल डबा, तो नंतर जर्सी सिटीत आणून ठेवला, आणि त्या डब्यात अजूनही तव्यावर कांद्याबरोबर छोटे छोटे बर्गर भाजतात. बाहेर ट्रक, आत फिरते स्टूल, कपड्यांना वास लागतो तो घरी आल्यावर धुवावाच लागतो. तव्याची वाफ, चिकट काउंटर, लोणच्याच्या चकत्या. मी म्हटलं आता बोल, तिकडच्या एकाच्या पैशात इथे आपण दोघं पोट फुटेस्तोवर खाऊ. त्याने खाल्लं, भरपूर खाल्लं, बोटं चाटली. आणि मग म्हणतो कसा, "भारीच आहे मावशी, पण मला ना, तो जास्त आवडला."

का रे?

तर त्याचं म्हणणं असं की चव जाऊ दे, इथली कदाचित जास्तच चांगली असेल, पण तिथे कोट घातलेल्या माणसाने त्याला सर म्हणून विचारलं कसा हवा, आणि त्याने सांगितला तसा आला. कॉलेजच्या मेसमधे, हॉस्टेलवर, लोकलच्या स्टेशनवर कोणी कधी विचारत नाही तुला कसा हवा, जे आहे ते घे आणि पुढे हो. आता यावर काय बोलणार. मला आधी हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं, मग वाटलं की बरोबरच आहे त्याचं, भाडं, पांढरे टेबलक्लॉथ आणि कोटवाला माणूस यांचेच तर ते पैसे असतात, मांसाचे थोडेच. सुपरमार्केटात साधा खिमा 2025 मधे पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला, दुष्काळाने गुरं कमी झाली होती, 1951 नंतर इतकी कमी कधीच नव्हती असं सांगत होते, तरीसुद्धा त्या भावाने अर्ध्या पौंडाच्या पॅटीत तीनेक डॉलरचंच मांस बसतं. ड्राय-एज्ड म्हणून तिप्पट धरा. उरलेलं सगळं खुर्चीचं. मी त्या खुर्चीवर अवघडून बसले होते, तो ऐसपैस बसला होता, आणि बिल त्याने दिलं होतं. मग माझ्यासाठी वर्थ नाही एवढंच मी म्हणू शकते. मला ड्राय-एज्डची ती दोन घासांची मजा हवी असेल तर मी स्टेक खाईन, बनमधे कोंबून नाही.

अर्थात हे सगळं ताईला सांगायचं नाही, हे आमचं आधीच ठरलंय. ताईच्या लेखी तिचा मुलगा इथे चिकन बर्गर खातो आणि मी तर वर्षानुवर्षं फक्त चिकनच खात आलेय. घरात मटण, मासे, सोडे, सगळं चालतं, पण बीफ म्हटलं की ती फोनवर गप्प होते, आणि मुंबईत 2015 पासून बैलाच्या मांसावरही बंदी आल्यावर तिकडच्या महागड्या बर्गरवाल्यांकडेही म्हशीचंच असतं, आणि मेन्यूवर नुसतं 'टेंडरलॉइन' लिहून विषय मिटवतात. आम्हीही तसंच मिटवतो. फोनवर ताईने विचारलं काय खाल्लंत, भाचा म्हणाला बर्गर, ती म्हणाली त्यापेक्षा मावशीला सांग खिमा पॅटिस कर, बर्गर काय खाता.

ते मात्र त्याच्या डोक्यात बसलं. आमच्याकडे खिमा पॅटिस म्हणजे आजीचा प्रांत, सीकेपी घरांमधे असतो तसा, बटाट्याच्या पारीत आलं-लसणाचा कोरडा खिमा भरून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळवून तव्यावर. तिथेही बटाटा घालायचा तो थोडा खिमा सगळ्यांना पुरावा म्हणूनच, हे आजी उघड सांगायची. रविवारी मी ते करायला घेतले आणि हा शेजारी उभा राहून बटाटे कुस्करत होता, कुस्करत काय होता, गुठळ्या ठेवत होता, आणि बोलत होता की मावशी हे मॅनहॅटनमधे विकलं पाहिजे. दोन पॅटिस, कांद्याची काचरी, हिरवी चटणी, छोट्या लोखंडी तव्यात आणून द्यायचे. चोवीस डॉलर.

मी म्हटलं वेडा आहेस का, बटाट्याचे चोवीस डॉलर? लोक जोड्याने मारतील. तो म्हणाला, बरं मग तू सांग. आणि मी खरंच हिशोबाला बसले, हात बटाट्यात. खिमा भारतीय दुकानातून बोकडाचा आणायचा, तोही समोर करून घेतलेला, तो बीफहून कितीतरी महाग. तो आटून अर्धा होतो. बटाटे उकडून, गार करून, किसून. पारी करायला हात बसलेलं माणूस हवं, नाहीतर तव्यावर फुटतात, आजीचेही फुटायचे. तासाला सात-आठ जोड्या झाल्या तर डोक्यावरून पाणी, आणि न्यूयॉर्कला 2025 मधे किमान मजुरीच तासाला साडेसोळा डॉलर होती, त्यात ज्याला खरंच येतं तो किमान मजुरीवर कशाला येईल. वर भाडं, तेल, भांडी घासणारा. आणि कोटवाला माणूस ठेवायचा तर त्याचं वेगळं.

"चोवीसला नाही परवडत रे," मी म्हटलं. "अठ्ठावीस तरी लाव. आणि त्या गुठळ्या मोड आधी."